सुतक किती दिवसांचं?

गर्भ चार महिन्यांच्या आत गेला तर तो स्राव, पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर पात, आणि त्यानंतर झाली ती प्रसूतीच, मग मूल जिवंत असो वा नसो. ही वाटणी मिताक्षरेत आहे आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’तही आहे. महाराष्ट्रातल्या भटजींनी पुढची दोनशे वर्षं तिथी, व्रतं आणि सुतक याच ग्रंथात पाहून सांगितलं. आईला साधारणपणे जितके महिने तितके दिवस अशौच. बापाला आणि भाऊबंदांना स्रावात नुसतं स्नान पुरतं, पातात तीन दिवस पाळायचे. सातव्या महिन्यापासून पुढे मात्र पूर्ण दहा दिवस. त्याही पलीकडे, जन्मलेलं मूल दोन वर्षांच्या आत गेलं तर त्याला अग्नी द्यायचा नाही, पुरायचं.

गर्भपाताच्या नैतिकतेवरच्या पुस्तकाची सुरुवात सुतकाच्या हिशेबाने का करावी, असं वाचकाला वाटेल. माझं उत्तर असं, की ‘गर्भपाताबद्दल धर्म काय सांगतो?’ असा प्रश्न आला की आपण निषेधाची वचनं काढून बसतो. ती आहेतच. मनुस्मृतीने गर्भाचा आणि नवऱ्याचा घात करणाऱ्या स्त्रियांना तर्पणाचं पाणीही नाकारलं आहे. याज्ञवल्क्याने तिला टाकून द्यायला परवानगी दिली. पराशराने तर गर्भ पाडण्याचं पाप ब्रह्महत्येच्या दुप्पट ठरवून वर त्याला प्रायश्चित्तच नाही असंही सांगून टाकलं. पण धमकावताना माणसं मोठमोठे आकडे फेकतात. ज्या घरात खरोखर काही गमावलं गेलं आहे, त्या घराने उद्या सकाळी काय करायचं, हे सांगताना त्यांना तोलून बोलावं लागतं. म्हणून एखाद्या परंपरेला गर्भ म्हणजे नेमकं कोण वाटतं, हे तिच्या दंडापेक्षा तिच्या शोकाच्या नियमांत अधिक प्रामाणिकपणे कळतं. आणि तिथे आपली परंपरा सांगते की ते हळूहळू कोणीतरी होत जातं. पहिल्या महिन्यात आईखेरीज कुणाचं काही लागत नाही. सहाव्यात बाप आणि भाऊबंदही त्याचे होतात. नवव्यात ते घरचं माणूस असतं. गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात मानतं. सुश्रुत चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त झाल्याचं सांगतो, आणि तेव्हापासून बाईला दोन हृदयं असतात, म्हणून तिचे डोहाळे पुरवायचे. गर्भधारणेच्या क्षणीच चैतन्य उतरतं असं मानणारेही आयुर्वेदात आहेत. एकमत नाही. हजार-दीड हजार वर्षं एकमत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

निषेधाच्या वचनांतलं एक मात्र नीट पाहायला हवं. मनू म्हणतो, ‘अविज्ञात’ गर्भ मारला तर ब्रह्महत्येचं प्रायश्चित्त घ्यावं. टीकाकार खुलासा करतात, अविज्ञात म्हणजे मुलगा की मुलगी हे कळलेलं नाही असा. मुलगा असू शकला असता म्हणून पाप एवढं मोठं. गर्भाचं लिंग आधी कळण्याची काही सोय नव्हती त्या काळातही हिशेबात ते होतंच. सोय झाल्यावर काय घडलं, ते पुढे येईलच.

आता पुस्तकाविषयी. पुढच्या पानांत धर्मशास्त्र आहे, कायदा आहे, दवाखाना आहे आणि घर आहे. लेखकांचं आपसात पटत नाही आणि पटवून घेण्याचा प्रयत्नही केलेला नाही. प्रस्तावनाकाराने पायरीवर उभं राहून आतल्या खोल्या दाखवाव्यात, असा संकेत आहे. मला त्याहून थोडं जास्त बोलायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की महाराष्ट्रात आणि एकूण भारतात गर्भपाताचा प्रश्न आपण कायद्याने लवकर सोडवला आणि नैतिक प्रश्न म्हणून कधी बोललोच नाही. ज्या देशांत त्यावर रस्त्यावर भांडणं झाली तिथल्या बायकांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. न बोलण्याचीही एक किंमत असते, ती आपल्याकडच्या बायकांनी मोजली.

एकोणिसाव्या शतकात मात्र आपण बोललो होतो, आणि मोठ्याने. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात गुन्हा ठरवला. आईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला तेवढा सुटला. शिक्षा झेलणाऱ्यांत स्वतः ती बाईही होती. गर्भात हालचाल सुरू झाली असेल तर शिक्षा तीनावरून सात वर्षांपर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या कायद्यालाही टप्पे मान्य होते. पण पुण्या-मुंबईत हा कायदा जिच्यावर येऊन आदळला ती बहुतेक वेळा विधवा असायची. जिचं लग्न पुन्हा होणार नाही, केस काढलेले, घरातलाच कुणी दीर, सासरा किंवा भाऊबंद अंगाला झोंबलेला, आणि दिवस गेल्यावर तोच गावजेवणात पहिल्या पंगतीला. तिच्यापुढे तीन वाटा होत्या: गर्भ पाडणं, जन्मलेल्याचा गळा दाबणं, नाहीतर विहीर. ओळखीतल्या घरी स्वयंपाकाला असलेल्या अशाच एका ब्राह्मण विधवेने मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनो, इथे गुपचूप बाळंत होऊन जा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर राहील, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. या जाहिरातींतली नैतिकता मला आजही थक्क करते. तिच्यात पाप हा शब्द कुणालाच लावलेला नाही. फुल्यांनी गर्भपाताची बाजू घेतली नाही. गर्भ पाडावा लागू नये आणि मूल मारावं लागू नये म्हणून त्यांनी जागा दिली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या खटपटीने असाच आश्रम उभा राहिला. वारीच्या गावात तो निघावा हे अर्थातच योगायोगाने घडलं नाही.

पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. नंतर ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांना बायकांच्या वाढत्या अनीतीवर लिहायला विषय मिळाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यावर भडकल्या आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आली. ज्या गुन्ह्यात दोघं असतात त्याचा आरोपी एकच कसा, हा त्यांचा सवाल. गर्भपाताच्या नैतिक चर्चेत तो आजही पहिला प्रश्न असायला हवा आणि बहुतेक चर्चांत तो शेवटचाही नसतो. धर्मगुरू, न्यायाधीश, डॉक्टर, सगळे गर्भ आणि आई यांचा हिशेब मांडतात. बाप त्या हिशेबात कुठे दिसत नाही.

विसाव्या शतकात सूर बदलला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. कामसुख ही वाईट गोष्ट नाही आणि नको असलेलं मूल ही वाईट गोष्ट आहे, असं सरळ म्हणणारा तो विलक्षण एकटा माणूस. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींना संयमाखेरीज दुसरा उपाय मान्य झाला नाही. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. या सगळ्या वादांत गर्भपात कडेकडेनेच येतो, तोही बहुधा ‘तो टाळायचा असेल तर साधनं वापरा’ असा. बाईचा देह तिचा आहे, ही भाषा कर्व्यांपाशी होती. सरकारपाशी पुढे जी भाषा आली ती लोकसंख्येची.

केंद्र सरकारने १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरतात, ज्या मरत नाहीत त्या कायमच्या खचतात, तेव्हा हे काम शिकलेल्या डॉक्टरांच्या हाती द्यावं, अशी ती मांडणी होती. तिच्यावरून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १० ऑगस्ट १९७१ ला झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. अमेरिकेत गर्भपाताला मोकळीक देणारा ‘रो’ खटल्याचा निकाल लागायला अजून काही महिने होते. फ्रान्स, इटली तर मागेच. एवढी मोठी गोष्ट आणि एवढी कमी गडबड. ना मोर्चे, ना शंकराचार्यांची आंदोलनं. याला काहीजण हिंदू समाजाची सहिष्णुता म्हणतात. मला ते पटत नाही. गडबड झाली नाही, कारण कायद्याने बाईला हक्क दिलाच नव्हता. त्याने डॉक्टरला शिक्षेतून सूट दिली. गर्भ काढावा असं डॉक्टरचं ‘सद्भावनेने’ मत झालं तर काढता येईल, अशी त्याची रचना होती आणि आजही आहे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं तर ते कारण चालायचं, पण विवाहित बाईलाच. याच राज्यव्यवस्थेने पाच वर्षांत नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरवल्या. १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करू पाहणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अडलं. गर्भ राहणं किंवा न राहणं, दोन्हींत बाईला काय हवं हा प्रश्न विचारायचा राहून गेला, कारण दोन्हींत सरकारला काय हवं ते ठरलेलं होतं.

मग घरांनी आपली भाषा तयार केली. ‘पिशवी साफ करून घेतली’, ‘क्युरेटिन केलं’, ‘दोन महिने होते, गोळ्या घेतल्या’. तिथे गर्भ कर्ता नाही, कर्म नाही, वाक्यातच नाही. लहान मुलाला दूध पाजणारी, शेतात राबणारी, नवऱ्याने साधन वापरायला नकार दिलेली बाई असं बोलते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी ती घर सांभाळण्याची कामं आहेत. असलेल्या लेकरांच्या तोंडचा घास हा तिचा नैतिक युक्तिवाद आहे, आणि माझ्या मते तो कुठल्याही स्मृतीइतकाच गंभीर आहे. मात्र तीच बाई वीस वर्षांनी, सून बाळंत झाल्यावर, ‘माझं एक गेलं तेव्हा’ असं म्हणते, आणि ते ‘गेलं’ आपोआप गेलेलं नसतं. त्या वाक्याचं काय करायचं, ते आपल्याला माहीत नाही. धर्मसिंधूत आपसूक गेलेल्याचं सुतक आहे. जे जाऊ दिलं त्याचं काहीच नाही. त्याला फक्त पाप आहे. जपानमध्ये १९७० नंतर ‘मिझुको कुयो’ नावाचा विधी फोफावला. जिझो बोधिसत्त्वाच्या लहान मूर्तींना लाल टोपडी घालून, जन्माला न आलेल्यांची क्षमा मागायची. त्यावर तिथे टीकाही झाली. बायकांना भीती घालून देवळं पैसे कमावतात, असं म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्य होतं. तरीही विधीमागची कल्पना मला मोलाची वाटते: निर्णय योग्य होता आणि दुःखही खरं होतं, ही दोन वाक्यं एका माणसाला एकाच वेळी म्हणता यावीत.

आपल्याकडे ती दोन वाक्यं एकत्र म्हणणं आणखी अवघड झालं ते सोनोग्राफीनंतर. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलचाचण्या करून मुली पाडण्याचा धंदा उघड चालू होता. १९८५ पासून स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. कायदे आले तरी महाराष्ट्रात २००१ मध्ये दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही एक तरुण बाई अशाच गर्भपातात मेली म्हणून.

या मोहिमेची गरज मी नाकारत नाही. मनूच्या ‘अविज्ञात’ गर्भाचं लिंग कळू लागताच आपण मुलींचं काय केलं, ते या आकड्यांत आहे. पण मोहिमेने जी भाषा वापरली तिने दुसरं नुकसान केलं. गर्भातून रडणारी, ‘आई, मला मारू नकोस’ म्हणणारी मुलगी भित्तिपत्रकांवर, पथनाट्यांत, एसटीच्या मागे दिसू लागली. खून करणारी म्हणून त्या चित्रात आई उभी राहिली. सासू, नवरा, हुंडा, जमिनीची वाटणी चित्राबाहेर. म्हणजे पुन्हा ताराबाईंचाच प्रश्न. गर्भपात मुळातच बेकायदा आहे, असा समज खेड्यापाड्यांत पक्का झाला. २०११-१२ च्या धडक कारवायांनंतर औषधांच्या दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच नको म्हटलं, हिशेब कोण देत बसणार! सातव्या आठवड्यात, जेव्हा लिंग कळण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा आलेल्या बाईलाही डॉक्टर परत पाठवू लागले. स्त्रीचळवळीतल्या अनेकांना ही कोंडी तेव्हाही दिसत होती. मुलगी म्हणून गर्भ पाडणं अन्याय्य आणि मूल नको म्हणून गर्भ पाडणं बाईचा अधिकार, हे दोन्ही एकदम कसं म्हणायचं? माझ्या मते म्हणता येतं. पहिल्यात अन्याय झाला तो एका गर्भावर झाला म्हणून नव्हे, जन्मलेल्या प्रत्येक मुलीची किंमत तिथे ठरवली जाते म्हणून. या पुस्तकातल्या सगळ्यांना हे उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि त्यांचे आक्षेप वाचण्याजोगे आहेत.

इतर धर्मांकडे वळताना एक सावधगिरी. ‘इस्लाम म्हणतो’, ‘ख्रिस्ती धर्म म्हणतो’ असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. हदीसनुसार १२० दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते. त्याआधी सबळ कारण असेल तर गर्भपाताला हनफी परंपरेतल्या अनेक फकिहांनी वाव दिला, मालिकींनी जवळपास सुरुवातीपासूनच मनाई केली. शाफईंमध्ये मतं विभागलेली आहेत, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई आहेत, ही गोष्ट मराठी लेखात सहसा कुणी नोंदवत नाही. १२० दिवसांनंतर आईच्या जिवावर बेतलं तरच, यावर मोठं एकमत. चार महिन्यांनंतर पडलेल्या गर्भाला न्हाऊ घालून कफन द्यावं, असंही अनेक जण सांगतात. आमच्या धर्मसिंधूतही स्रावाची हद्द चार महिन्यांवरच संपते.

ज्यूंच्या मिश्नेत तर प्रसंगच उभा केला आहे. बाळंतपण अडलं असेल तर गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव त्याच्या आधी. त्याचा बहुतांश भाग बाहेर आला की मात्र हात लावायचा नाही, कारण आता एका जिवासाठी दुसरा घेता येत नाही. अलिबागकडच्या बेने इस्राएलांपर्यंत हे शास्त्र कितपत पोचलं होतं कोण जाणे, पण सुईणीच्या अनुभवातून आल्यासारखा तो नियम आहे.

बौद्धांच्या विनयपिटकात नवरा परगावी असताना गरोदर राहिलेल्या बाईची गोष्ट येते. ती ओळखीच्या भिक्खूकडे औषध मागते, तो देतो, गर्भ पडतो, आणि भिक्खू संघातून कायमचा बाद होतो. नियम भिक्खूसाठी आहे. बाईचं पुढे काय झालं, ते विनय सांगत नाही. जैनांची भूमिका सर्वांत कडक, कारण तिथे सूक्ष्म जीवालाही इजा नको. पण श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात एक प्रसंग आहे जो मला फार आवडतो. आईला त्रास नको म्हणून गर्भातला महावीर हालचाल थांबवतो. त्रिशला घाबरते, गर्भ गेला असं समजून शोक करू लागते. तेव्हा तो जरासा हलतो आणि ठरवतो, आईवडील असेपर्यंत संन्यास घ्यायचा नाही. अहिंसेचा पहिला धडा गर्भाने आईच्या बाबतीत गिरवला, असा हा प्रसंग मी वाचते. जैन मुनी तो तसा वाचणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

कॅथलिक चर्चवर थोडं थांबायला हवं, कारण वसई-गोव्यातल्या घरांपासून जगभरच्या राजकारणापर्यंत त्याचा शब्द चालतो आणि तो अनादिकाळापासून एकच आहे, असा समज आहे. गर्भपात पाप आहे, हे चर्चने सुरुवातीपासून म्हटलं. पण तो मनुष्यवध आहे का, यावर मतं बदलत राहिली. ॲरिस्टॉटलने मुलग्याच्या गर्भाला ४० दिवसांत आणि मुलीच्या गर्भाला ९० दिवसांत आकार येतो, असं म्हटलं होतं (इथेही मुलगी मागे!), आणि थॉमस अक्विनसनेही विवेकशील आत्मा नंतर येतो हेच मानलं. १५८८ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने कुठल्याही टप्प्यावरच्या गर्भपाताला मनुष्यवधाची शिक्षा लावली. तीनच वर्षांत, १५९१ मध्ये, चौदाव्या ग्रेगरीने ती आत्मा येण्याआधीच्या गर्भापुरती मागे घेतली. १८६९ मध्ये नवव्या पायसने हा भेद बहिष्काराच्या शिक्षेतून कायमचा काढून टाकला. १९६८ च्या ‘ह्युमाने विते’ या पोपच्या परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमनही नाकारलं, आणि १९९५ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने निषेध आणखी ठामपणे नोंदवला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिसने गर्भपाताचं पाप क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. निषेध तसाच, दार थोडं उघडं. आणि पुन्हा शोकाचे नियम पाहा. बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्यांना शतकानुशतकं पवित्र भूमीत जागा नव्हती. आयर्लंडमध्ये त्यांना ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या, आशीर्वाद न मिळालेल्या जागी, बहुधा रात्री, पुरत असत. गर्भ पहिल्या क्षणापासून पूर्ण माणूस, पण मेल्यावर गावाबाहेर. नियम आणि रीत यांत एवढं अंतर असताना लोकांनी काय मानायचं?

त्याच आयर्लंडमध्ये १९८३ च्या घटनादुरुस्तीने गर्भाच्या आणि आईच्या जगण्याचा हक्क समान केला. २१ ऑक्टोबर २०१२ ला बेळगावची सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय ३१, गॅलवेच्या रुग्णालयात आली तेव्हा ती सतरा आठवड्यांची गरोदर होती. गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने गर्भ काढा म्हणून विनवलं, पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते. हा कॅथलिक देश आहे, असं आपण तिला म्हणालो, हे एका परिचारिकेने पुढे मृत्यूच्या चौकशीत कबूल केलं. २८ तारखेला ती रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेली. कॅथलिक नीतिशास्त्रातला ‘दुहेरी परिणामा’चा सिद्धांत आईवरच्या उपचारात गर्भ दगावला तर ते क्षम्य मानतो, पण शिक्षेच्या धाकाने भ्यालेले डॉक्टर ठोके थांबण्याची वाट पाहतात, सिद्धांत पडताळत बसत नाहीत. बेळगावात मेणबत्त्या लागल्या, डब्लिनमध्ये मोर्चे निघाले, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के आयरिश लोकांनी ती दुरुस्ती रद्द केली. मतदानाच्या दिवसांत डब्लिनमधल्या एका भिंतीवर काढलेल्या तिच्या चित्राभोवती शेकडो चिठ्ठ्या चिकटल्या होत्या.

सविताच्या मृत्यूवर आपल्याकडे जो संताप उसळला त्यात एक सोयीस्कर समाधानही होतं: आपल्याकडे असं होत नाही. होतं, धर्माच्या नावाने होत नाही इतकंच. २००८ मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याने विसाव्या आठवड्यानंतर कळलेल्या गर्भाच्या हृदयविकारामुळे डॉ. निखिल दातारांसह उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ती नाकारली गेली. कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आता विशिष्ट गटांतल्या बायकांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही. आणि ‘नवरा’ जाऊन कायद्यात ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईला वेगळं काढता येणार नाही, असं स्पष्ट केलं. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी आहे, हे तर १९७१ पासूनच कायद्यात आहे. तरी दवाखान्याच्या खिडकीवर आजही विचारतात, ‘मिस्टर आले नाहीत का? सही लागेल.’ कुठल्याही धर्मग्रंथाने जेवढे गर्भपात अडवले नसतील तेवढे या एका वाक्याने लांबवले असतील, असं मला वाटतं.

तत्त्वज्ञानातला एक लेख या विषयावर सर्वांत जास्त वाचला गेला, तोही १९७१ चाच: ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांचा. गर्भ हा पूर्ण माणूस आहे असं धरून चाललो, तरी दुसऱ्याच्या देहावर नऊ महिने जगण्याचा हक्क त्याला आपोआप मिळतो का, असा त्यांचा प्रश्न. मराठीत यावर फार लिहिलं गेलं नाही, याचं कारण कदाचित असं की दुसऱ्यासाठी देह झिजवणं ही आपल्याकडे आईपणाची व्याख्याच आहे. त्या व्याख्येवर ओव्या आहेत, चित्रपट आहेत, भाषणं आहेत. ती नाकारणाऱ्या बाईसाठी आपल्याजवळ वाक्य नाही.

माझी भूमिका लपवत नाही. निर्णय बाईचा असावा; गर्भ हळूहळू कोणीतरी होत जातो, म्हणून उशिराच्या निर्णयाला जास्त वजनदार कारण लागावं; आणि उशीर ज्यांच्यामुळे होतो त्यांनी तिला उपदेश करू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर २६ आठवड्यांची गरोदर, दोन लेकरांची आई आली. पाजती असल्याने पाळी आलेली नव्हती, गर्भ राहिल्याचं तिला फार उशिरा कळलं, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. दोन न्यायमूर्तींच्या पीठात, दोन्ही स्त्रिया, मतभेद झाले. एकीने विचारलं, धडधडत्या हृदयाचे ठोके थांबवा असं कुठलं न्यायालय सांगेल? दुसरीने म्हटलं, या बाईने विचार करून घेतलेला निर्णय आपण मानला पाहिजे. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं आणि १६ तारखेला परवानगी नाकारली गेली. खर्च सरकार करील, मूल दत्तक द्यायचं का ते आईवडिलांनी ठरवावं, असं सांगण्यात आलं. माझ्या हिशेबाने २६ आठवडे हा फार उशीर आहे, आणि तरीही मला दुसऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं पटतं. ही विसंगती आहे, असं या पुस्तकातल्या एका लेखकाने हस्तलिखिताच्या समासात लिहून पाठवलं. ती आहे. मी ती काढली नाही.